फोटो मोड आणि डावा दिवा

...नाय, पण मला एक सांगा, मधेच थांबायचंच होतं तर शर्यतीचा गेम कशाला काढला? आँ? तुम्हाला सांगतो, आमची भूमिका, पोरगी माझी, रोह्याला कंपनीत लॅबमध्ये हाय, तिनं टीव्हीखाली तो कन्सोल नावाचा डबा आणून ठेवलाय, आणि त्या डब्यावर म्हणे एक गाड्यांचा गेम येणार हाय. येणार हाय! आलेला नाय! आणि जी वस्तू अजून आलीच नाय तिचं कौतुक किती करावं माणसानं? रोज नवा व्हिडिओ. गेममध्ये काय काय असणार त्याचा. शिफ्टवरनं येते, बॅग टाकते आणि सुरू... "पप्पा, चारशे गाड्या असणार!" मी बोललो, असू दे. "पप्पा, पाऊस पडला की रस्त्यावर पाणी साचणार आणि गाडी घसरणार!" मी बोललो, त्याला गेम कशाला पायजे, आपल्या जिते गावाहून पेणला चल माझ्या मागं बसून. "पप्पा, गाडीवर खराखुरा चिखल बसणार!" अगं बाई, दारातल्या गाडीचा चिखल काढायला सांगितला तर नखं खराब होतात, आणि टीव्हीतला चिखल बघून टाळ्या!

पण हे सगळं ठीक हाय. सगळ्यात भारी काय, तर फोटो मोड! तुम्हाला सांगतो, भर शर्यतीत, गाडी सुसाट चाललीय, मागं वीस जण लागलेत, आणि आपण बटण दाबायचं की सगळं जग थांबतं. गाडी हवेत असली तर हवेत. मग आपण निवांत तिच्या भोवती फिरायचं, वाकून बघायचं, आणि फोटो काढायचा. मी विचारलं, मागचे वीस जण काय करतात? "थांबतात." का? "आपण फोटो काढतोय ना, पप्पा!" अहो, माझी बायको वैशाली पेणच्या बाजारात सेल्फी काढायला दोन सेकंद थांबली, तर मागच्या रिक्षावाल्यानं तिच्या माहेराचा उद्धार केला! मी बोललो, येणार कधी हा गेम? भूमिकानं स्क्रीनवर बोट ठेवलं. शेवटी मोठ्या अक्षरात लिहिलेलं होतं... लवकरच!

मी हसत होतो बरं का. चहा पीत होतो आणि हसत होतो. तेवढ्यात ती बोलली, "सूर्य कुठं ठेवायचा ते पण आपण ठरवायचं. आणि ड्रायव्हरला खाली उतरवून गाडीच्या बाजूला उभा करता येणार. म्हातारा, तरुण, कपडे कुठले, सगळं आपल्या मनासारखं." आणि तुम्हाला सांगतो, माझं हसणं तिथंच थांबलं. मी विचारलं, "जुन्या जीपा असणार का गं?" बोलली, असणार. "आणि त्यांचे पुढचे दिवे? दोन्ही असणार?" ती माझ्याकडं बघायला लागली. "पप्पा, एका दिव्याची गाडी कोण कशाला बनवंल?"

एका दिव्याची गाडी आमची होती!

आता हे तुम्हाला नीट सांगायला पायजे. आमचा गणपतीचा कारखाना. जिते गावात दर चौथ्या घरात हाय तसा आमचा पण. माझा बापूस केरू, त्याच्या हाताला डोळ्यांची आखणी. मूर्ती कुणी पण ओतंल, रंग कुणी पण मारंल, पण डोळे आखायला बाबा बसला की कारखान्यातला रेडिओ बंद. आणि बाबाचा एक नियम. डोळे आखल्याशिवाय फोटो काढायचा नाय! मुंबईचं गिऱ्हाईक येतं, मोबाईल वर करतं, की बाबा तिकडनं ओरडायचा, "ओ शेठ! ठेवा तो खिशात! आखणी झाली नाय अजून, देवाला अजून दिसत नाय आणि तुम्ही त्याचा फोटो काढता व्हय?" मोठमोठे लोक खिशात घालायचे मोबाईल गुपचूप.

आणि बाबाची ती जीप. श्रावणात मागं पेंढा अंथरायचा, पेंढ्यात गणपती बसवायचे, आणि निघायचं रोह्याला. बाबा ताशी वीसच्या वर कधी गेला नाय. गेममध्ये घातला असता तर शर्यत सुरू व्हायच्या आधीच शेवटचा आला असता! पण तीस वर्षांत एका मूर्तीचं बोट मोडलं नाय. तर एकदा कासूच्या रेल्वे फाटकावर आम्ही उभे, गेट पडलेलं, आणि बाजूनं एक म्हैस आली. शांतपणे आली, मान फिरवली, आणि शिंगानं आमचा डावा दिवा फोडून निघून गेली. मूर्तींना धक्का नाय. बाबा बोलला, "दिव्यावर गेलं ते बरं झालं."

त्याच हप्त्यात बाबानं पेणवरनं नवा दिवा आणला. खोक्यातला. माझ्या हातात दिला. "हरेश, बसव रं एवढा." मी बोललो, बसवतो उद्या. आणि खोका फळीवर ठेवला, रंगाच्या डब्यांच्या बाजूला.

तुम्हाला सांगतो... सहा वर्षं! सहा वर्षं तो खोका त्या फळीवर. त्याच्यावर शाडूची धूळ बसली, कोळ्यानं घर केलं. बाबा मधेच विचारायचा, "हरेश, दिवा?" मी बोलायचो, उद्या बसवतो. खोटं नाय बोलत, प्रत्येक वेळी मला खरंच वाटायचं की उद्या बसवणार. मोबाईल आला हातात, तेव्हा मी किती वेळा बोललो, बाबा, जीपजवळ उभा रहा, एक फोटो काढतो. तर बाबा जीपकडं बोट दाखवायचा. "तिला डोळा नाय. डोळे आखल्याशिवाय फोटो काढायचा नाय." मग जीप थकली, रोह्याच्या कान्हूभाऊंनी भाताची पोती न्यायला मागितली, बाबानं दिली. एका दिव्यासकट. आणि घरात त्या जीपचा एक फोटो नाय. बाबाचा त्याच्या गाडीबरोबर फोटो नाय! नवा कोरा दिवा मात्र हाय!

आता पुढचं ऐका. दोन वर्षांमागं बाबाला काचबिंदू निघाला. ज्यानं आयुष्यभर डोळे आखले त्यालाच! डॉक्टर बोलले, हाय ती नजर सांभाळा, गेलेली परत येणार नाय. रोज थेंब घालायचे. आखणी माझ्याकडं आली. बाबा बाजूला खुर्चीवर बसतो, आणि एक दिवस असाच बोलला, "जीप एकदा बघायला पायजे होती रं. दोन डोळ्यांची." बस्स. तेवढंच. ओरडला असता तर बरं झालं असतं. ओरडलेलं मी विसरतो.

म्हणून तो गेम! भूमिका बोलली तसली जीप घ्यायची, बाबाच्या जीपचा रंग मारायचा, बाजूला म्हातारा ड्रायव्हर उभा करायचा, दोन्ही दिवे लावायचे, आणि टीव्हीवर एवढा मोठा फोटो... बाबाला दिसतंय तोवर दाखवायचा. आणि मी शहाणा, आधीच सांगून बसलो. "बाबा, तुझी जीप टीव्हीवर दाखवतो!" झालं! रोज सकाळी बाबाचा प्रश्न, "हरेश, आला का तुझा गेम?" मी बोलतो, "लवकरच, बाबा!"

मार्चमध्ये येणार होता, दिवाळीवर गेला. दिवाळीत व्हिडिओ आला की गेम आणखी सुंदर करायचाय म्हणून थोडा उशीर होईल, प्रेमाबद्दल आभार. आभार! इकडं बाबाला एका डोळ्यानं दिसायचं बंद झालं! मी टीव्हीसमोर उभा राहून त्या कंपनीला बोलायला लागलो, माणसं हाय का कोण, किती दिवस लवकरच, लवकरच, एवढंसं काम तुम्हाला होत नाय?... तर वैशाली आतनं शांतपणे बोलली, "अहो, हळू. फळीवरचा खोका ऐकंल." तुम्हाला सांगतो, मी टीव्ही बंद केला.

दुसऱ्या दिवशी उठलो, खोका काढला, पुसला, आणि बाबाला बोललो, चल, रोह्याला जायचंय. जित्याला आगगाडीत बसलो, पेण गेलं, कासू आलं, बाबा खिडकीकडं तोंड करून बोलला, "म्हैस दिसते का रं?" आम्ही दोघं हसलो. लय दिवसांनी.

कान्हूभाऊंच्या परसात जीप होती. म्हणजे... होती. चाकं नाय, इंजिन नाय, विटांवर ठेवलेली, टपावर दुधीचा वेल चढलेला, बॉनेटवर वालाच्या शेंगा सुकत घातलेल्या. कान्हूभाऊ बोलले, "भंगारवाला कधीचा मागतोय, पण माझाच जीव होत नाय." आणि घरात बायकोला हाक मारली, "गो रंभा, चाय ठेव गो, पेणवाले आलेत!" मी शेंगा बाजूला केल्या, खोका फोडला, आणि दिवा बसवला. किती वेळ लागला असंल? दहा मिनिटं! सहा वर्षं मी ज्याला उद्या बोलत होतो ते काम दहा मिनिटांचं होतं हो! कान्हूभाऊंनी ट्रॅक्टरची बॅटरी आणली, वायर जोडली. बाबानं आधी काचेवर हात फिरवला. सगळीकडनं. आखणी झाल्यावर मूर्ती बघायचा ना तसा, मान जरा मागं घेऊन. मग धोतर झटकलं, टोपी सारखी केली, बॉनेटला टेकून उभा राहिला आणि बोलला, "लाव दिवे. आता काढ."

मी दिवे लावले. फोटो काढले. एक नाय, अकरा! बाबानं विचारलं, "आला?" मी बोललो, एक नंबर! निघताना कान्हूभाऊ बोलले, "ठेवू का थोडे दिवस जीप? का देऊ भंगारात?" मी बोललो, ठेवा ठेवा, येऊ परत.

परतीच्या गाडीत मोबाईल काढला. आणि तुम्हाला सांगतो, पहिला फोटो... डोळे मिटलेले. दुसरा, मिटलेले. अकराच्या अकरा! त्याला प्रखर उजेड सोसत नाय, मला माहीत होतं, रोज थेंब मीच घालतो ना! आणि मीच दिवे लावले, मीच त्याला उन्हाकडं तोंड करून उभा राहू दिला. सूर्य कुठं ठेवायचा ते ठरवायला आपल्याकडं बटण नाय, पण माणसाला फिरवता आलं असतं की! गाडीचे दोन्ही डोळे लख्ख उघडे, आणि बाबाचे दोन्ही बंद. बाबा बाजूला बसलेला, बोलला, "दाखव." त्याला बारीक स्क्रीनवरचं तसं पण दिसलं नसतं. पण मला दाखवता येईना. नियम त्याचाच. मी बोललो, "मोठा करून आणतो, बाबा. मग दाखवतो."

ठरवलं, पुढच्या रविवारी परत जायचं. सकाळी लवकर, सावलीत. पुढच्या रविवारी ऑर्डरी आल्या. त्याच्या पुढच्या रविवारी अवकाळी पाऊस लागला, मग सीझन, मग रंग, मग आखणी... तुम्हाला कळलंच असंल. मला कळत नव्हतं! गणपती झाल्यावर गेलो तर परसात चार विटा आणि दुधीचा वेल मांडवावर. कान्हूभाऊ ओशाळले. "लय दिवस ठेवली हो. पण हे काढून ठेवलं, नवा होता म्हणून." आणि माझ्या हातात दिवा दिला.

आता तो दिवा परत फळीवर हाय. त्याच जागेवर. आणि त्याच्या मागं तो फोटो, मोठा करून आणलेला, भिंतीकडं तोंड करून. एकदा मी ब्रश घेऊन बसलो होतो. बोललो, हजारो डोळे आखले या हातानं, दोन काय जड हायत? बारीक ब्रश घेतला, रंग घेतला, आणि हात पुढं जाईना. देवाचे जमतात. बाबाचे कसे होते ते आठवायला गेलो तर आठवतात ते मूर्तीकडं बघणारे. माझ्याकडं बघणारे आठवतच नायत. मी बघितलंच नव्हतं कधी नीट... असो.

काल भूमिका आली, बॅग टाकली. "पप्पा, नवा व्हिडिओ! फोटो मोडमध्ये आता ड्रायव्हरचे डोळे उघडे ठेवायचं पण बटण देणार!" मी विचारलं, येणार कधी? तिनं नुसतं बोट ठेवलं स्क्रीनवर.

आणि तेवढ्यात खुर्चीवरनं बाबा. आता त्याला उजेड आणि सावली एवढंच कळतं. बोलला, "हरेश, तो आपला फोटो कवा दाखवतोस रं?"

काय बोललो असंन मी? सांगा ना! सहा वर्षं सराव हाय माझा...

"लवकरच, बाबा!"