भूल कोणाची?

रविवारी दुपारी, रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात, पाय मुरगळलेले एक निवृत्त गुरुजी पडद्याआड पाळीची वाट पाहत पडले असता, पलीकडून गुडघा फुटलेल्या एका मुलीचा आकांत त्यांच्या कानी आला.

“बाबा, घरी चला! डॉक्टर भूल देणार म्हणाले!”

“अगं चिमणे, भूल दिली की टाके दुखत नाहीत.”

“भूल म्हणजे चूक! आमच्या बाईंनी सांगितलंय!”

शब्दाचा दुसरा अर्थ सांगण्यासाठी गुरुजींनी तोंड उघडलेच होते, तोच तिसरा आवाज आला.

“बाईंचं बरोबर आहे. पण ताई, इथं चुका करायची नोकरी माझी. मी इथला विदूषक. हा बघा, डोक्यावर मोजा!”

“मोजा पायात घालतात!”

“असं होय? मग टोपीही पायातच.”

“डोक्यावर! काका, तुम्हाला काहीच कसं येत नाही?”

“शिकवा की. पण हललात, तर पुन्हा चुकेन हं.”

“नाही हलत. आई गं, टोचलं! काका, शर्टाची बटणं पाठीवर आलीत!”

“अरेच्चा! मला वाटलं, पाठच पुढे आली!”

मुलगी खदखदून हसली.

“झाले टाके,” डॉक्टर म्हणाले.

बाबांचा निःश्वास गुरुजींनाही ऐकू आला.

“मग, चिमणे? चुकले का डॉक्टर?”

“नाही. सगळ्या चुका या काकांच्याच.”