अंजूरच्या शेतातली वीज

वादळाचे फोटो काढायला अंजूरला चल, असं मला कोणी म्हटलं की डोकंच फिरतं. का ते सांगतो.

गेल्या ऑक्टोबरात खाडीवर आभाळ काळंकुट्ट झालेलं दिसलं. धामणकर नाक्यावरून बाईक पिटाळली ती थेट अंजूरला, कारण गोडाऊनच्या गर्दीत तिथेच एक मोकळं शेत उरलं होतं. ट्रायपॉडवर कॅमेरा लावतोय, तेवढ्यात शेतमालक काका छत्री उगारत धावत आले.

"कोणाला इचारून मोजणी चाललीय?"

"काका, मोजणी नाही. विजेचे फोटो काढतोय."

"येडा समजतो का मला? तीन पायांचं मशीन हाय! बाजूचं शेत असंच मोजलं नि गोडाऊन उभं केलं. जीव गेला तरी ही जमीन देणार न्हाय!"

आणि लेन्सला चिकटून उभे राहिले. त्याच क्षणी त्यांच्या मागे अख्खं आभाळ फाडत वीज कोसळली. पाच वर्षं तिच्यासाठी भिजत होतो मी! फोटोत आलं फक्त काकांचं पोट. तरी ट्रायपॉड उचलून निघालो. म्हटलं, माणूस जमिनीसाठी भांडतोय.

यंदा पुन्हा गेलो, तर शेतात निळ्या पत्र्याचं नवंकोरं गोडाऊन! गेटपाशी खुर्ची टाकून काका.

"अरे फोटोवाला! बरा आलास. मोजणीवाले मीच बोलावले. उद्या उद्घाटन हाय, बॅनरवर टाकायला माझा एक फोटो काढ."

"कशाला? तुमच्या पोटाचा आहे ना माझ्याकडे," मी ओरडलो, "तोच लावा!"