नवे केस अन् बाबाची खबर

तुले टकलावर केस लावाचे असन तं लाव, पण आधी गावात सांगून ठेवजो. मी नाई सांगितलं.

नागपूरले डॉक्टरनं केस लावाच्या आधी माहं सारं डोकं भादरलं. आपल्याकडे असं डोकं घरचं कोनी मेल्यावरच भादरते, मिशीसकट. टोपी घालून हिंगणघाटच्या बसमधी बसलो. गरमीनं टोपी काढली, तं मांगून गुलाबकाकाचा आवाज. आमचे शेजारी, पंधरा दिवस पोरीकडे गेलते.

"बाबा गेले का रे?"

केस लावले म्हनाची लाज वाटली. मी गुपचूप मान खाली घातली.

काका निरखून पाहून राह्यले. "मंग मिशी काऊन ठेवली?"

"न्हावी विसरला, काका."

"न्हावी विसरते?"

काकाले काही पटलं नाई. त्यायनं खात्री कराले सरळ आमच्या घरी फोन लावला. बाबानंच उचलला. काकानं माह्याकडे असं पाहिलं, जसा चोरच सापडला. मंग फोन माह्या हातात देल्ला.

मी सारं कबूल केलं. बाबानं एकच इचारलं.

"नवे केस कधी येतीन?"

"आठ महिने तरी लागतीन."

"म्हंजे तवरी मी मेलेलाच राहू का?"