बासष्ट नंबरचा चिमटा

आजच्या समारंभाच्या अध्यक्ष आणि लिपोवा गावच्या सरपंच, माननीय ब्राझ्दोव्हाबाई. प्रांतिक मॉडेल-विमान महासंघाकडून एवढ्या लांब आलेले प्रमुख पाहुणे कुबीचेकसाहेब. आपला बंब दिवसभर बाहेर उन्हात उभा करून हे सभागृह आपल्याला मोकळं करून देणारे अग्निशामक दलाचे जवान. ज्यांच्यासाठी आपण सगळे जमलो ते वेंडेलिन कोस्त्का आणि हेडविकाबाई. मंडळाचे सभासद, त्यांच्या सहनशील बायका, आणि ज्या घरात बायको विमानं बनवते त्या घरातले त्याहूनही सहनशील नवरे. सर्वांना माझा नमस्कार.

मी लुबोर हानाक. चेहरा नसेल ओळखीचा, पण आवाज नक्की आहे. गेली एकतीस वर्षं आपल्या मैदानावर लाउडस्पीकरवरून "धावपट्टीवरचं कुत्रं कुणाचं आहे?" असं ओरडतो तो मीच. सरपंचबाईंनी मला सात मिनिटं दिली आहेत. एक तर नमस्कारातच गेलं.

वेंडेलिन आणि हेडविकाबाई पुढच्या शनिवारी लेकीकडे, ओलोमौत्स शहरात कायमचे राहायला जातायत. तिसरा मजला, दोन खोल्या, समोर बाग. कार्यशाळेला जागा नाही. वेंडेलिनच्या विमानांपैकी नऊ मंडळाकडे येतायत आणि दोन पलंगाखाली जातायत. पलंगाखाली कोणती दोन जाणार यावर त्या घरात जे रणकंदन झालं, ते शेजाऱ्यांनाही तोंडपाठ आहे.

वेंडेलिनविषयी काय बोलू? खऱ्या विमानाची हुबेहूब प्रतिकृती करायची आणि ती उडवायची, हे वेड या गावात त्यानेच आणलं. तरुणपणी तो शेतावर औषध फवारणाऱ्या विमानांचा मेकॅनिक होता. ते पोट सुटलेलं पिवळं विमान, ज्याला आपल्याकडे सगळे भुंगा म्हणतात. त्याला कुठला स्क्रू कुठे आहे हे विचारा, आणि मग पुढचा एक तास मोकळा ठेवा.

आणि तो आपला चिमटेवाला. नव्या मुलांना हे ठाऊक नसेल. तुमच्या आताच्या रिमोटना याची गरज पडत नाही. पण पूर्वी प्रत्येक रिमोटचं एक ठरलेलं चॅनेल असायचं. दोन रिमोट एकाच चॅनेलवर चालू झाले, की विमानाला कळायचं नाही कुणाचं ऐकायचं. मग ते कुणाचंच ऐकायचं नाही. म्हणून मैदानावर एक फळी होती आणि फळीवर कपडे वाळत घालायचे लाकडी चिमटे, प्रत्येकावर एक नंबर. आपल्या नंबरचा चिमटा काढून रिमोटच्या एरियलला लावायचा आणि मगच रिमोट चालू करायचा. चिमटा नाही, तर बटणाला हात नाही. एवढाच नियम होता आणि तो वेंडेलिन सांभाळायचा.

माझा आणि वेंडाचा, मी वेंडेलिनला वेंडाच म्हणतो, नंबर एकच होता. बासष्ट. एकाच दिवशी, एकाच दुकानातून, उत्साहाच्या भरात आम्ही रिमोट घेतले आणि घरी आल्यावर बघितलं तर दोन्हींचं चॅनेल एक. हेडविका म्हणाली होती, "दोन बैल आणि एक दावं." बदलायचं आम्ही मनावर घेतलंच नाही. तो उडवायचा तेव्हा मी बसायचो, मी उडवायचो तेव्हा तो सूचना करायचा.

आता हेडविकाबाई. कार्यक्रमपत्रिकेत लिहिलंय, "मंडळाच्या स्वयंपाकघराचा आधारस्तंभ, चोवीस वर्षांच्या निःस्वार्थ सेवेबद्दल सत्कार." मगाशी सरपंचबाईंनी शाल दिली, तेव्हा तुम्ही टाळ्या वाजवल्यात. मीही वाजवल्या. त्यांच्या हातचा गुलाश, तो मांसाचा दाट रस्सा, खायला लोक स्लोव्हाकियातून येतात आणि विमानं बघितली असं घरी सांगतात. मी स्वतः दोनदा वाढून घेतो, हे माझ्या बायकोला, मिलुशेला, माहीत आहे.

पण मंडळी, हेडविकाबाईंचा सत्कार आपण चुकीच्या कामासाठी करतोय. आणि त्या चुकीच्या कामाला त्यांना मी लावलं. ते कसं, हे सांगायलाच मी आज उभा आहे.

चोवीस वर्षांपूर्वी हेडविका या मंडळाची स्वयंपाकीण नव्हती. ती रेडिओच्या कारखान्यात वायरींना सोल्डरिंगचे जोड द्यायची. एकोणीस वर्षं. तिथे सगळ्यांच्या हातचे जोड पुढच्या टेबलावर तपासायला जायचे, हिच्या हातचे थेट पुढे जायचे. या जिल्ह्यात कुणाच्या विमानात एखादी नाजूक वायर जोडायची असली, की माणूस ते पोटाशी धरून कोस्त्कांच्या दारात उभा. ती चष्मा कपाळावर सरकवायची, जोड द्यायची आणि मग वायर खेचून बघायची. खेचून बघितल्याशिवाय विमान परत दिलं, असं कधी झालं नाही.

तीन हिवाळे खपून वेंडेलिनने भुंगा बनवला. पंख अडीच मीटरचा. लाकूड त्याचं, रंग त्याचा आणि आतली वायर न् वायर हेडविकाची. जूनमध्ये आपला वार्षिक मेळावा होता, मैदानाभोवती चारशे माणसं, आणि भुंग्याचं पहिलं जाहीर उड्डाण जेवणानंतर ठेवलं होतं.

जेवणाआधी मला वेळ मिळाला. माझ्या विमानाचं शेपूट सकाळपासून थरथरत होतं. म्हटलं, एकदा बघून घेऊ. मी गाडीची डिकी उघडली आणि रिमोट चालू केला. चिमट्याशिवाय. एका मिनिटाचं काम, वेंडा तर जेवणानंतर उडवणार आहे, असं मी मनाशी म्हटलं. मला काय ठाऊक, की आधीच्या माणसाचं इंजिन बंद पडलं आणि वेंडेलिनला लवकर बोलावलंय? इंजिनचा आवाज कानावर येत होता. मैदानावर इंजिनचा आवाज कधी नसतो?

मी डिकीतून डोकं बाहेर काढलं, तेव्हा भुंगा नाक खाली करून बीटच्या शेतात येत होता. माझा रिमोट चालूच होता. मी तो बंद केला. मला त्याच क्षणी कळलं. कळायला मला जराही वेळ लागला नाही, हे मी आज इथे स्पष्ट सांगतो.

कुणाला लागलं नाही, ही देवाची कृपा. सगळे शेतात धावले. वेंडेलिनने मोडकं धड उलटं केलं, तर बॅटरीची वायर जोडापासून सुटलेली. अहो, तेवढ्या उंचीवरून पडल्यावर सुटणारच! इंजिनसुद्धा सुटून दहा पावलांवर पडलं होतं. पण हेडविकाने ती वायर हातात घेतली, बघितली आणि म्हणाली, "माझा जोड."

वेंडेलिन म्हणाला, "जाऊ दे गं."

तेवढ्यात कुणीतरी माझ्या हातात माइक दिला. "लोक विचारतायत, काहीतरी सांगा." आणि मी सांगितलं. चारशे लोकांना, या आवाजात. "वायरीचा जोड सुटल्यामुळे विमान कोसळलं आहे. कृपया घाबरू नये." शेवटचं वाक्य मी बहुतेक स्वतःलाच सांगत होतो.

पुढच्याच महिन्यात हेडविका मैदानावर आली ती पातेलं घेऊन. कुणीतरी विचारलं, "आज सोल्डरिंगचं आयर्न नाही आणलं?" ती म्हणाली, "मला जे जमतं ते करते." मी तिथेच होतो. तेव्हा बोलायला हवं होतं. बोललो नाही. मी ताट पुढे केलं.

का नाही बोललात, असं तुमच्या मनात येईल. पहिल्या वर्षी भीती होती, की वेंडा माझं तोंड बघणार नाही. दुसऱ्या वर्षी, की एवढे दिवस का लपवलं असं विचारेल. पुढे पुढे तर काही कारणही लागेना. माझी मिलुशे एकटी होती जिला ठाऊक होतं, कारण त्या दिवशी घरी गेल्यावर मी जेवलो नाही आणि तिने पाच मिनिटांत सगळं काढून घेतलं. तेव्हापासून चोवीस वर्षं, मी मैदानावरून परत आलो की तिचे दोन प्रश्न ठरलेले. "विमान धड आणलंस?" आणि "सांगितलंस?" दुसऱ्याचं उत्तर ऐकून ती भांडी जरा जोरात ठेवायची.

तीन आठवड्यांपूर्वी मी कोस्त्कांकडे सामान बांधायला गेलो. वेंडेलिनने फ्लॅनेलच्या फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी माझ्यापुढे धरलं. "हे तू घे. तिला नको. त्या दिवसापासून हात लावलेला नाही." हेडविकाचं सोल्डरिंग आयर्न होतं ते.

मी मागच्या खोक्यावर बसलो.

"अरे ऊठ! त्यात विमानाचं शेपूट आहे!"

"वेंडा, त्या दिवशी बासष्टवर मी रिमोट चालू केला होता."

त्याने ते फडकं खाली ठेवलं. मग म्हणाला, "चिमटा माझ्याकडे होता."

"हो."

"मग?"

"मग काही नाही. चालू केला."

हेडविका दारात कॉफीचा ट्रे घेऊन उभी होती. तिने ट्रे खिडकीत ठेवला आणि मला विचारलं, "म्हणजे जोड पक्का होता?"

"पक्का होता."

"परत सांग."

"पक्का होता, हेडविका."

ती खाली बसली. म्हणाली, "मी तो तीनदा खेचून बघितला होता. मला आठवत होतं, तीनदा. मग वाटायला लागलं, खेचलाच नसेल, मीच मनाने जुळवतेय. माझा माझ्यावरच विश्वास राहिला नाही रे." आणि मग एकदम उसळली, "आणि तू? गाढवा, चोवीस वर्षं मला गुलाश ढवळत बसवलंस? आणि वर दोनदा वाढून घेत होतास?"

ती हसत होती आणि रडतही होती. मला दोन्ही चालणार होतं. खरं सांगतो, माझ्या छातीवरचा दगड उतरला आणि लाज त्यानंतर आली. आधी नुसतं हायसं वाटलं.

मी माफी मागायला तोंड उघडलं, तर म्हणाली, "माफी नकोय मला. भोंग्यावरून सांगितलं होतंस ना? भोंग्यावरूनच मागे घे. चारशे लोकांसमोर."

"आता चारशे लोक कुठून आणू?"

"शंभर चालतील. पण सरपंचबाई हव्यात."

सरपंचबाई, आता तुम्हाला कळलं असेल, आजच्या अध्यक्षपदासाठी मी तुमच्या घरी तीन चकरा का मारल्या.

त्या दिवशी घरी गेलो. मिलुशेचे दोन प्रश्न आले. मी म्हटलं, "सांगितलं." ती बघत राहिली. मग म्हणाली, "हात धू. जेवायला बस." मंडळी, असं जेवण मी किती वर्षांत जेवलो नव्हतो.

वेंडेलिनचा चार दिवस फोन नाही. मी धरून चाललो होतो, की झालं, संपलं. पाचव्या दिवशी फोन वाजला. "कपाट आहे. एकट्याला उचलत नाही." मी गेलो. जिन्यात कपाट अडकलं, तो वर, मी खाली, आणि तो म्हणाला, "तीन हिवाळे, लुबोर."

"माहीत आहे."

"डावीकडून धर. भिंत खरवडेल."

यापेक्षा जास्त तो त्या विषयावर बोललेला नाही आणि बोलेल असं मला वाटत नाही. पण काल त्याने मला विचारलं, की ओलोमौत्सला कधी येतोस. पलंगाखालचं एक विमान उडवायचंय म्हणे, आणि शेपूट धरायला कुणीतरी लागेल. ते फडक्यातलं आयर्न मी अर्थातच घेतलं नाही. ते स्वयंपाकघराच्या सामानात बांधलंय असं ऐकतो, अगदी वर, म्हणजे पोचल्या पोचल्या हाताशी येईल.

आता जे करायला मी उभा राहिलो ते करतो. सर्वांनी कृपया इकडे लक्ष द्यावं. चोवीस वर्षांपूर्वी, जून महिन्यातल्या मेळाव्यात, वेंडेलिन कोस्त्का यांचं विमान वायरीचा जोड सुटून पडल्याची घोषणा याच मंडळाच्या लाउडस्पीकरवरून झाली होती. ती घोषणा खोटी होती. विमान मी पाडलं. हेडविका कोस्त्कोव्हा यांनी दिलेला जोड पक्का होता.

टाळ्या थांबवा, अजून आभार राहिलेत. अध्यक्षांचे, पाहुण्यांचे, अग्निशामक दलाचे आणि इतकी वर्षं माझं गुपित पोटात ठेवून मला रोज टोचणाऱ्या मिलुशेचे मी मनापासून आभार मानतो. सातऐवजी किती मिनिटं झाली ते मी विचारत नाही. बोलताना कुणाचं नाव सुटलं असेल, मानपान मागेपुढे झाला असेल, तर आपलं माणूस म्हणून सांभाळून घ्या. इतर कशाची माफी मी मागत नाही, तशी सक्त मनाई आहे.

एक मिनिट. हेडविकाबाई मागे वळून बघतायत. मागच्या रांगेतल्या मंडळींनो, जोडाबद्दलचं ते वाक्य तुम्हाला नीट ऐकू आलं का? ज्यांना ऐकू आलं त्यांनी हात वर करा. दाराशी उभे आहेत त्यांनीही.

बघ, हेडविका. सगळे.