बेंदराच्या पुरणपोळ्या
आवं, त्या बेंदराचं, बैलांच्या सणाचं सांगते. संधिवातानं माझी बोटं वळंनात, म्हणून मी मालकांना म्हणलं, "यंदा पुरणपोळ्या न्हाईत." ते एकाहत्तरच्या लढाईनंतर पलटणीतनं पेन्शनीवर आलं हुतं. त्यांनी बाह्या सारल्या आन् पोळपाट घेऊन बसलं.

तेवढ्यात वन्सं आल्या. भावाला लाटताना बघून हसल्या. "दादा, बायकांची कामं करतूयास व्हय?"

मालक म्हणालं, "पलटणीत मी सगळ्यांचा सैपाक करायचो, तवा कोण न्हाई हसलं. हितं ही माझी सुभेदार. ती सांगंल तसं लाटायचं."

माझी बोटं ठणकतच हुती. पर लगीन झाल्यापास्नं पयल्यांदाच तव्यावरची गरम पोळी आदी माझ्या ताटात पडली.