रुखमाबाईची वाळलेली सून

लाखांदूरच्या स्टँडवर पवनीची एस.टी. अजून लागायची होती. जानकीबाई रांगेत उभ्या होत्या आणि पुढच्या दोघी शेजारणींचं बोलणं आपसूक त्यांच्या कानावर पडत होतं.

“रुखमाबाई, सून लय वाळली तुमची. जेवाले देता का नाही तिले?”

“सारं गाव हेच इचारते. मागच्या साली तोंड गोल गरगरीत झालं होतं, तवा म्हणत, सासूनं चांगली पोसली. मीबी फुगून फिरत होती.”

“मंग झालं काय?”

“धानाच्या रोपाचे परे खणाले वावरातल्या बांधीत बसली, तं उठताच येईना. दोघींनी धरून उठवली. पोट सुटलेलं अन् पाय काड्या. बांगडी रुतली तरी हात निळा पडे. मी म्हटलं, हे अंग भरणं नोहे, बिमारी हाये.”

“कोठं नेली मंग?”

“सीधी नागपूरले. डॉक्टर म्हणे, गुर्द्याच्या वर गाठ हाये, ते अंगात नको तेवढा रस सोडून राहिली. म्हणे, असा पेशंट आमालेबी कवाकवाच दिसते. कापून काढली गाठ, तवा ते फुगलेलं अंग उतरलं.”

“पण लोक तं म्हणतात, सासू उपाशी ठेवते.”

“म्हणू दे.”

एस.टी. आली. सामानापाशी उकिडवी बसलेली सून डोक्यावर गाठोडं घेऊन तशीच सरळ उभी राहिली.

साऱ्या रांगेला ऐकू जाईल एवढ्या आवाजात रुखमाबाई म्हणाली, “पायलं? गुडघ्याले हात नाही लावला.”