नवरदेवाच्या खिशातली बॅटरी

—अरे हलू नकोस म्हटलं ना! स्टुलावर नीट बस, पाय पुढे घे आणि मगाने पाणी सोडत राहा मांडीवर. टूथपेस्ट? नाही मिळणार. तुमच्या घरी कुणाला भाजलं की आधी टूथपेस्ट, मला माहितीय, पण या दुकानात नाही चालणार. दात आलेत का तुझ्या मांडीला? मग? गार पाणी, नुसतं गार पाणी. नशीब समज, लाल होण्यावर भागलंय. एक जरी फोड दिसला ना, तर आधी डॉक्टर आणि मग लग्न — बरं बरं, ओरडू नकोस, नाही दिसत फोड. पँट इकडे दे. आता काय लाजतोस! दारात सोडलीस तेव्हा नाही वाटली लाज? समोर मेणबत्त्या विकणाऱ्या बायका बसलेल्या, एकीने तर छातीवर क्रूस काढला. मी आपली काच पुसत उभी, आणि बघते तर चर्चच्या पायऱ्यांवरनं नवरदेव पळत येतोय — अंगात लग्नाचा कडक बारोंग सदरा, केस चापूनचोपून बसवलेले, आणि खिशातनं धूर! ‘नांग बेबिंग, ताई, वाचवा!’ मला वाटलं नवरी पळून गेली.

बॅटरी? ती बाहेर वाळूच्या बादलीत आहे. चिमट्याने उचलून टाकली. नाही, जायचं नाही तिच्याजवळ, शांत दिसली तरी पुन्हा कधी भडकेल नेम नाही. तुझ्या आईचीच बहीण. आणि भोक केवढं पाडलंय बघ — मूठ जाईल आरपार. आता काळं कापड कुठनं आणू मी? व्हेपच्या दुकानात काय असणार, पाइप आहेत, काचा आहेत, आंब्याच्या वासाच्या बाटल्या आहेत — थांब, छत्री! कालच काडी मोडलीय तिची, तिचंच कापड लावते. चमकेल जरा. चमकू दे. नवरदेवाकडे कोण बघतंय, सगळ्यांचे डोळे नवरीकडे.

मला एक सांग रेनांते, खिशात सुट्टी बॅटरी आहे हे तुला माहीत होतं ना? होतं. आणि आईने लग्नाची नाणी त्याच खिशात ओतली तेव्हा तू काय करत होतास? उभा होतास. तुझ्या पणजीची चांदीची नाणी, नवऱ्याने नवरीच्या ओंजळीत घालायची, आयुष्यभर पोसेन म्हणून — ती तू बॅटरीशेजारी घेऊन उभा! ‘देवासमोरच काढायची, तोवर हात लावायचा नाही,’ असं म्हणाली ना ती? तिचा कुणावर विश्वास नाही, पाद्रीबाबावरसुद्धा नाही, ते ठीक. पण तुला तोंड होतं की नाही? आई, या खिशात नको, त्या खिशात घाल. एवढंच म्हणायचं. — हां. म्हणजे मग तिने विचारलं असतं, या खिशात काय आहे म्हणून. आलं लक्षात. आणि व्हेप तर तू सोडलंयस. सगळ्या हारो गावाला माहितीय, रेनांतेने सोडलंय.

इकडे बघ, शिवता शिवता दाखवते. ही नवी बॅटरी. हे वरचं बटणासारखं टोक — अधिक. आणि बाकीचं सगळं अंग, बूड, कडा, अगदी वर त्या टोकाच्या काठापर्यंत — उणे. मध्ये आडवं काय आहे? हे रंगीत प्लास्टिक. कांद्याच्या सालीएवढं. तुझ्या बॅटरीची साल वरनं निघालेली, मी कधीपासून सांगतेय, आण बाबा, नवी चढवून देते, गरम हवा मारली की घट्ट बसते, चहा होईपर्यंत काम संपतं. आणलीस? ‘बघू, नांग, पुढच्या वेळी.’ आता नाणं टेकलं टोकाला, तेच टेकलं सोललेल्या कडेला, की झालं! सगळा जोर त्या नाण्यातनं. किल्ली असो, चिल्लर असो, नाहीतर पणजीची चांदी असो, बॅटरीला काय त्याचं! म्हणून ही प्लास्टिकची डबी. काडेपेटीएवढी डबी. फुकट देत होते तुला. म्हणालास, खिसा फुगतो. फुगू दे की! पेटण्यापेक्षा फुगलेला काय वाईट?

वाकून बघू नकोस बाहेर! दिसशील. हो, आलीय गाडी. पांढरी, पुढे फुलांचा हार लावलेला. काचा बंद, इंजिन चालू. नवरा आत पोचला नाही तर नवरी उतरत नाही, म्हणून बसलीय बिचारी आत. घाबरू नकोस, तुझा तो करवला हुशार आहे, त्याने सगळ्यांना सांगितलंय नवरदेवाचं पोट बिघडलं. वाटू दे. पोट सगळ्यांचंच बिघडतं. व्हेप सापडलं असतं तर काय सांगितलं असतंस? बापरे, तिचा बाप! मागणी घालायला गेलात तेव्हा म्हणाला होता ना, ‘ज्याच्या तोंडातनं धूर येतो त्याच्या घरी माझी पोरगी जाणार नाही’ — आणि तू सगळ्यांसमोर तुझं व्हेप काढून त्याच्या हातात दिलंस, आणि त्याने ते देवीच्या मूर्तीपुढे ठेवलं, आणि बायका रडल्या. मीपण रडले असते, पण मला माहीत होतं, ते माझ्याच भंगाराच्या खोक्यातलं बंद पडलेलं डबडं आहे. मी तुला विचारलंही होतं, रेनांते, हे कशाला रे नेतोस? म्हणालास, आठवण म्हणून.

रडतोस की काय? ए तोतो, ए पोरा. अरे, एवढं काय! बिस्कोचो टोस्ट खा एक, त्या बरणीतला. घे. तू एकटाच मूर्ख आहेस असं नको वाटून घेऊस, मी रोज बघते. तो जीपवाला, माहितीय ना, त्याने बॅटऱ्या ठेवल्या काचेपाशी, भर उन्हात, येशूच्या पुतळ्याच्या पायाशी — म्हणे देव राखेल. देवाने राखला जीपवाला, पुतळा वितळला. एक तर उशीखाली चार्जिंगला लावून झोपायचा! म्हटलं, बाबा, जागा असशील तेव्हा लाव, समोर असशील तेव्हा लाव, फरशीवर ठेव, आणि भरली की काढ — तर म्हणतो, नांग, मग मी झोपू कधी? दुसऱ्याने एक जुनी आणि एक नवी अशी जोडी घातली एकाच यंत्रात. जुनी दमते, नवी ओढत राहते, आणि मग दोन्ही तापतात. जोडी एकत्र घ्यायची, एकत्र भरायची, एकत्र टाकायची. आणि हे कमी शिकलेले असंही नाही हां. ती बाई तर शाळेत शिकवते, दुसरीचा वर्ग — दोन बॅटऱ्या, उघड्या, कुठे ठेवाव्यात? खडूच्या डब्यात! आणि त्याच डब्यात टाचण्या, यू-पिना, एक कर्कटक. म्हटलं, बाई, वर्गभर पोरं आहेत तुझ्या, अक्कल कुठे ठेवलीस? लागलीच डबी दिली, गुलाबी, आणि डोळ्यांसमोर भरून घेतली. तेव्हापासून दर गुरुवारी शाळा सुटली की येते, मागच्या दाराने —

कुठली शाळा म्हणजे? आता शाळेचं कशाला काढलंस. हारोत काय एकच शाळा आहे? — या बाजूला एकच आहे, हो. पण दुसरीला शिकवणाऱ्या बायका काय — तीपण एकच आहे. पाणी टाक तू मांडीवर! खडूचा डबा कसला होता ते मला आठवत नाही. निळा नव्हता. त्यावर बदकाचं चित्र नव्हतं. — तूच दिलेलास? वाढदिवसाला? अरे देवा.

हे बघ, मी काही बोलले नाही. या बेबिंगच्या पोटातनं आजवर एक गोष्ट बाहेर गेलेली नाही, विचार कुणालाही. तिने मला शपथ घातलीय, देवीची, आणि मी ती पाळलीय, तुझ्या जोरलिनचं नाव घेतलं का मी? नाही घेतलं — आत्ता घेतलं, ते वेगळं, ते तू आधी ओळखलंस. खाली बस! केसांना काय? पिकल्या आंब्याचा वास? आणि तुला काय वाटलं इतके दिवस, शांपू? अरे मेल्या, आंब्याचा शांपू हारोत मिळतो कुठे! ती ओढते तिच्या खिडकीत उभी राहून आणि सगळं केसांत अडकतं. तिला धाक बापाचा नाही रे, तुझा आहे. तू सगळ्यांसमोर ते डबडं काढून दिलंस ना, तेव्हा ती इथे येऊन ढसाढसा रडली, याच स्टुलावर. ‘नांग, त्याने माझ्यासाठी सोडलं आणि मला सोडवत नाही. कोणत्या तोंडाने उभी राहू त्याच्याशेजारी?’ काय सांगणार होते मी तिला? की बाई, त्याने काही सोडलेलं नाही, बुधवारीच येऊन गेला? तुलापण शपथ दिलेली ना मी! एका बाजूने तुझी शपथ, दुसऱ्या बाजूने तिची. मध्ये मी. बुधवारी तू, गुरुवारी ती. एकदा तर ती मागच्या दाराने बाहेर पडली आणि तू पुढच्या दाराने आत, आणि विचारतोस, नांग, आज दुकानात आंब्याचा वास कसला छान येतोय!

काय म्हणालास? पुन्हा म्हण. नाही करायचं? लग्न नाही करायचं? का, ती खोटं बोलली म्हणून? आणि तू कोण मोठा साधू! उघड्या मांडीने स्टुलावर बसून बाता मारतोयस. तिच्या डोळ्यांत बघून खोटं बोललास ना तू? तिनेही तेच केलं. मग झालं की फिटंफाट! हां? तसं नाही? मग कसं? ... बरं. बरं, ते मला कळलं. राग तिचा नाही आला तुला, भीती वाटतेय. की तिला कळलं तर ती गाडीतनं उतरणारच नाही. अरे वेड्या, ती आत बसून नेमकं हेच म्हणत असणार!

ऐक माझं. माझा नवरा बोटीवर, वर्षातनं एकदा घरी. त्याला वाटतं हे बिस्कोचोचं दुकान आहे. हस, हस. फोनवर चेहरा दाखवायची वेळ आली की मी ती बरणी उचलून पुढे धरते, मागे ही सगळी कपाटं, त्यांच्यावर चादर टाकते. म्हणतो, बेबिंग, धंदा कसा चाललाय? म्हणते, कुरकुरीत. काय गंमत आहे का ही? पहिल्या वर्षी वाटली होती. आता तो घरी येणार म्हटलं की मी दुकानाला कुलूप लावून किल्ली लपवते. माझा नवरा, माझ्या घरी येणार, आणि मी किल्ल्या लपवतेय! तो बिचारा चॉकलेटं घेऊन येतो आणि मी दिवस मोजते, हा परत कधी जाणार म्हणून. मला तो आवडतो रे. फार आवडतो. पण तो घरात असला की मला बोलता येत नाही, मला! हे असं जगायचंय तुला? तिला केसांतनं वास जाईपर्यंत बाथरूममध्ये कोंडून घेताना बघत? मग आत्ता सांग. आज. नाणी ओंजळीत पडायच्या आधी. आणि मग सोडा हवं तर, दोघं मिळून सोडा, माझा धंदा बुडाला तरी चालेल — अगदी नाही चालणार, पण बघेन मी काहीतरी. एक टाका राहिलाय फक्त, थांब, गाठ मारते, आणि मग ही घालून शहाण्यासारखा जा, चर्चच्या बाजूच्या दाराने, आधी करवल्याला गाठ, त्याला म्हण की —

अरे! अरे कुठे? रेनांते! ए गाढवा! पँट! पँट राहिली इथे! रेनांते!

गेला. गेला की हा असाच. बाई गं, मेणबत्तीवाल्या उभ्याच राहिल्या. नुसत्या बारोंगावर, खाली ती निळ्या पट्ट्यांची चड्डी, आणि मांडीवरनं पाणी गळतंय. अरे चर्चकडे नको, चर्चकडे— नाही, गाडीकडेच चाललाय. गाडीकडे. देवा, तिचा बाप उभा आहे पायऱ्यांवर. काच ठोकतोय. उघड ना गं! उघड. ... उघडली. आणि हे काय, आतनं ढग! हा एवढा पांढरा ढग बाहेर आला, त्याचं तोंडही दिसेना! बंद गाडीत ओढत बसली होती कार्टी! आता बोलतोय तो. हात हलवतोय. मांडी दाखवतोय, मेला, भर चौकात मांडी दाखवतोय. ती वाकून त्याची मांडी बघतेय. बोल ना गं पोरी, शिवी दे, काहीतरी दे —

हसतेय. हसतेय ती! दार उघडलं, त्याला आत ओढला, बारोंगाला धरून, आणि दार लावलं. आता दोघं आत आणि काचा पांढऱ्या. आणि बाप पायऱ्या उतरतोय. अगं आई गं, बाप उतरतोय!

काय हो, तुम्हाला काय हवंय? बॅटरी? आत्ता? दुकान बंद आहे. दिवे चालू आहेत ते मला दिसतंय, तरी बंद आहे. उद्या या. सरका, सरका बाजूला, वाट अडवू नका, बाप गाडीपाशी पोचायच्या आत मला ही पँट पोचवायचीय.